एकाहत्तर क्रमांकाचं पुस्तक

विमा-तपासनीस सरंजामेच्या गालावरचा व्रण तिसाव्या पुस्तकापर्यंत डावीकडे आहे आणि एकतिसाव्यापासून उजवीकडे. हे लेखकाच्या लक्षात आलं नाही, प्रकाशकाच्याही नाही, आणि खरं सांगायचं तर जगात कुणालाच त्याची पडली नव्हती. भिमाजींना पडली होती. विसाव्या पुस्तकात दरीत कोसळून मेलेला ड्रायव्हर सव्विसाव्यात खुशाल गाडी चालवतो, हेही त्यांनी टिपून ठेवलं होतं. सगळ्या पुस्तकांत मिळून सरंजामे तेराशे बारा कप चहा प्यायला होता. त्यातले चार विषारी होते.

भिमाजी तीस वर्षं नाशिकच्या बस स्थानकात चौकशीच्या खिडकीत बसले. वणीची गाडी कधी, इगतपुरीची कुठे लागते, सगळं जग त्यांना विचारायचं. त्यांना स्वतःला ‘जेवलात का’ असं विचारणारी एकच बाई होती, आणि ती त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली. मुलगी मीना बडोद्याला दिलेली. उरली नाशिकच्याच द्वारका चौकात टायरच्या दुकानावरची एक खोली, आणि ‘सरंजामे सोबती’.

पुण्याचा एक प्रकाशक गाजलेल्या सिनेमांवर, टीव्ही मालिकांवर अशी सोबती-पुस्तकं काढायचा. सरंजामेच्या एकशे चार पुस्तकांचं काम त्याने भिमाजींना दिलं होतं. दर पुस्तकाचं एक टिपण: कथेचं सार, लेखकाच्या चुका आणि सगळी पात्रं. कोणाचा पहिला उल्लेख कुठल्या पानावर, शेवटचा कुठल्या. अट एकच, एकही पुस्तक सुटता कामा नये. दिवाळीपर्यंत काम हवं. दोन हजार चारच्या मे महिन्यात एकशे तीन टिपणं तयार होती. एकाहत्तर क्रमांकाचं पुस्तक मात्र कुठेच मिळत नव्हतं.

बाकीची सगळी सलीमच्या वाचनालयात होती. वाचनालय म्हणायचं आपलं. पुढे सिनेमांच्या सीड्या, मागच्या भिंतीला पुस्तकं. जुन्या सभासदांची एक रीत होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून जो तो सत्ताविसाव्या पानावर आपली खूण करी. डॉक्टरीणबाईंचं फूल, बँकेतल्या कुलकर्ण्यांची फुली, एका मास्तरांचा तर चक्क हत्ती. भिमाजींना साऱ्या खुणा पाठ होत्या. एक सोडून.

“सलीमभाई, ही तीन आडव्या रेघांची खूण कोणाची?”

“मला काय विचारता? खुणा तुम्ही ओळखता, मी नुसती तोंडं ओळखतो.”

“एकशे तीन पुस्तकांत आहे. सगळ्याच्या सगळ्या.”

“मग असेल कोणी तुमच्यासारखाच रिकामा. सापडला तर सांगा, लग्न लावून देऊ दोघांचं.”

भिमाजी हसले नाहीत. एवढं सगळं वाचलेलं दुसरं माणूस ह्याच गावात होतं. व्रणाबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असं माणूस.

त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, ‘आपण एकाहत्तरावं वाचलं आहे काय?’ आणि सत्तराव्या पुस्तकात, सत्ताविसाव्या पानावर ठेवली.

आठ दिवसांनी चिठ्ठीखाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘हातात आहे.’

“ह्या कपाटाकडे कोण आलं होतं?”

“कोण येणार? बोट फिरवून बघा.” सलीमने फळीकडे हनुवटी केली. फळीवर धूळ होती, आणि धुळीत आठ दिवसांपूर्वीची भिमाजींचीच बोटं उमटलेली होती. दुसरी नव्हती.

हे विचित्र आहे हे भिमाजींना कळलं. पण त्याआधी त्यांना आनंद झाला. कुणीतरी उत्तर दिलं होतं.

त्यांनी विचारलं, एका दिवसापुरतं मिळेल का? उत्तर आलं: ‘वाचून व्हायचं आहे.’ मग सार तरी कळवा, त्यांनी लिहिलं. सार येऊ लागलं. एकोणसत्तरात दोन ओळी, बहात्तरात तीन. चिठ्ठी ज्या पुस्तकात ठेवली तिथे नाही, भिमाजी पुढचं जे पुस्तक उघडतील त्यात.

‘यात सरंजामे नाही. एक माणूस टायरच्या दुकानावर एकटा राहतो. तो इतरांची पुस्तकं मोजतो.’

भिमाजी तडक सलीमच्या टेबलाशी गेले. “पुरे झाली मस्करी.”

सलीमने चष्मा लावून ओळी वाचल्या. सावकाश वाचल्या. “भाऊ, मी मराठी वाचतो. लिहितो का कधी? पावत्या कशात असतात माझ्या?”

पावत्या उर्दूत असत. भिमाजींना ते वीस वर्षांपासून माहीत होतं.

“ते पुस्तक बंद करा,” सलीम म्हणाला. “आणि घरी जा आता. मलाही शटर ओढायचंय.” दुपारचे चार वाजले होते.

पात्रांची यादी जूनमध्ये आली, भिमाजींच्याच पद्धतीने आखलेली.

‘बायको. पहिला उल्लेख पान ८. शेवटचा पान ८८.’

‘सलीम, वाचनालयवाला. पहिला उल्लेख पान ४१. शेवटचा पान १०४.’

त्याच आठवड्यात सलीमने दुकान विकल्याचं सांगितलं. मालेगावला मुलाकडे चालला होता. सरंजामेची सगळी पुस्तकं त्याने हातगाडीवर घालून पाठवली आणि स्वतः मागोमाग चालत आला.

“रद्दीत घालवेना. तुम्हीच सांभाळा. आणि या कधी मालेगावला.”

“येतो की.”

दोघांनीही तारीख विचारली नाही.

पुस्तकं खोलीत आली. आता उत्तर शोधायला कुठे जावं लागेना. जुलैत एके सकाळी ते हस्तलिखितातच होतं, एकाहत्तराव्या टिपणाच्या कोऱ्या कागदावर.

‘मीना, मुलगी. पहिला उल्लेख पान १९. शेवटचा पान १०५.’

भिमाजी चपला न घालता चौकातल्या फोनच्या बूथवर गेले.

“अण्णा? काय झालं? आज काय रविवार आहे?”

“काही नाही. सहज.”

“तुम्ही आणि सहज एसटीडी!” मीना हसली. मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. “बरं झालं केलात. ह्यांचं मस्कतचं नक्की झालं. परवा निघतोय. सामान बांधता बांधता जीव जातोय नुसता.”

“तिकडचा नंबर?”

“गेल्यावर कळवते ना.”

“मीना, पत्ता तरी आत्ता...”

“अण्णा, मलाच माहीत नाही अजून! गोळ्या घेताय ना वेळेवर? चला, टेम्पोवाला आला. ठेवते हं.”

ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. बडोद्याच्या नंबरवर एक बाई हिंदीत सांगायची की हा नंबर अस्तित्वात नाही. पोस्टमन टायरवाल्याला पत्रं देऊन खालूनच जायचा. प्रकाशकाचं एक कार्ड आलं, एकाहत्तरचं काय झालं म्हणून. भिमाजींनी उत्तर दिलं नाही. एकाहत्तर पूर्ण झालं की यादीत आपलंही शेवटचं पान येणार, हे त्यांना दिसू लागलं होतं. अर्धं ठेवलं तर पुस्तक छापलं जाणार नव्हतं. पण अर्धं ठेवून तरी खोलीत कोण येणार होतं?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी त्यांनी टिपणाखाली लिहिलं: ‘आणखी एखादं पात्र घालता येईल का?’

वीज गेलेली होती. टायरचं दुकान बंद होतं. ते पाणी प्यायला माठापाशी गेले, तीन पावलं, आणि परत आले.

‘वाचणारा. पहिला उल्लेख पान १०६. शेवटचा पान १२८.’

त्याच्याखाली:

‘भिमाजी. पहिला उल्लेख पान १. शेवटचा पान १०७.’

भिमाजींनी पेन्सिल घेतली. मग सवयीने त्यांनी हिशेब मांडला. बायको गेली अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, सलीम एकशे चारव्या. मध्ये सोळा पानं आणि सव्वापाच वर्षं. म्हणजे एक पान साधारण चार महिन्यांचं.

एकशे सहापासून एकशे सातपर्यंत चार महिने. तोवर कुणीतरी असणार होतं.

त्यांनी हिशेब पुन्हा तपासला. तो बरोबर होता. त्यांना वाटलं, काही वाईट नाही.

त्यांनी स्टोव्ह पेटवला, दोन कपांचं आधण ठेवलं. कोनाड्यातला दुसरा कप काढून विसळला. जुनी पुस्तकं उचलून खुर्ची मोकळी केली.

खाली जिन्याचं दार वाजलं.

भिमाजींनी कडी काढली आणि दार थोडं लोटून ठेवलं. पावलं वर येऊ लागली, लाकडावर, एकेक. ते मोजू लागले. जिना चौदा पायऱ्यांचा होता.

पंधरावी वाजली. सोळावी वाजली. घाई नव्हती कसली. वर चढणारं माणूस चढतं तशी, सावकाश, सतरावी वाजली.