पेर नसलेला कोंब

शाल्मली पोफळीला हात टेकवणार, तेवढ्यात बुंध्याला बांधलेल्या मिरीच्या कोंबाने जीभ बाहेर काढली.

तिचा हात जागीच थिजला. सुंभाच्या दोन गाठींत आवळलेला तो हिरवागार कोंब तिच्याकडे डोळे रोखून बघत होता.

"आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "बांध्याने साप बांधलाय."

बांध्या म्हणजे आजोबांनी बनवलेला यंत्रमानव. मिरीवेलाचे लोंबते कोंब पोफळीला बांधायचे, एवढंच त्याचं काम. चार वर्षांत त्याने बागेतला साधा सरडाही दुखावला नव्हता.

बागेचे राखणदार जनूकाका काठी घेऊनच धावले. "बाजूला हो गो. हा माणसाची टाळू फोडतो."

"टाळूबिळू काही फोडत नाही," आजोबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. "शाल्मली, लांबूनच बघ. डोळ्याची बाहुली उभी की आडवी?"

"उभी असली तर?"

"तर चापडा. चांगलाच विषारी."

"आडवी आहे. तोंड टोकदार."

"मग हरणटोळ. विष सौम्य, सरडे-बेडूक धरण्यापुरतं. तरी हात लावायचा नाही."

"पण तो गुदमरतोय आजोबा. सोडवा ना."

आजोबांनी खूण केली. बांध्याने बारीक कात्रीने सुंभ कापला. सापाने गळा फुगवला, तशी खवल्यांमधली काळी-पांढरी नक्षी दिसली. मग तो वेलात सरकला आणि समोर असूनही तिघांना दिसेना.

शाल्मलीने बांध्याकडे वळून विचारलं, "तुला कळलं कसं नाही?"

"हिरवा होता. वाऱ्याबरोबर डोलत होता. गरम नव्हता," बांध्या म्हणाला. "म्हणून कोंब."

"माझीच चूक," आजोबा म्हणाले. "त्याचा कॅमेरा अंगाची ऊब टिपतो. पण साप शीतरक्ती, म्हणजे स्वतःच्या शरीरात ऊब तयार न करणारा. सावलीत बसला की पानाइतकाच गार. त्यात हरणटोळ फांदीसारखा डोलतो, म्हणजे भक्ष्याला संशय येत नाही."

"यंत्रालाही चकवलान म्हणायचा," जनूकाका म्हणाले.

शाल्मली शेजारच्या खऱ्या कोंबाकडे बघत होती. "आजोबा, याला पेरं आहेत. पानं फुटतात तिथे. सापाला नव्हती."

आजोबांनी त्या कोंबाचं पेर चाचपलं. "तुझी आजी कोंब बांधायच्या आधी पेरावरून बोट फिरवायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, लाड करते वेलाचे. ती गेल्यावर हा बांध्या केला, आणि नेमकं तेवढंच त्याला शिकवायचं राहिलं."

त्यांनी उभ्याउभ्याच नवी सूचना भरली: पेर दिसल्याशिवाय गाठ नाही.

"बांध्या," शाल्मलीने विचारलं, "आज आणखी किती कोंब बांधलेस?"

"एकशे बारा."

जनूकाकांनी काठी झाडाला टेकवून ठेवली आणि चौघे पहिल्या ओळीकडे निघाले.

पहिल्या पोफळीपाशी बांध्या थांबला. त्याने कोंबावरून खालून वर बोट फिरवलं.

"पेर आहे," तो म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे वळला.