आर्द्रता ७८, कारण अज्ञात

ऑफिसात नकाशे काढणारी, म्हणून नकाशेवाली. ती रोज नऊ किलोमीटर सायकल हाणून ऑफिसात पोचायची तेव्हा खरंच पोहून आल्यासारखी दिसायची. बाथरूममध्ये कोरडे कपडे चढवता यायचे. पण घामाने भिजलेला शर्ट वाळवायचा कुठे? एकदा खुर्चीवर टाकला, तर साहेब नाक धरून म्हणाले, "इथे काय मेलंय?" तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मग तिला सर्व्हरची खोली सापडली. कपाटाएवढ्या मशिनी पाठीमागून गरम हवा सोडत होत्या. तिने दोरी बांधली, शर्ट टांगला... आणि दार उघडलं.

दारात त्या मशिनी सांभाळणारा सर्व्हरवाला! ती शर्टापुढे हात पसरून उभी राहिली.

"अलार्म वाजला," तो म्हणाला. "हवेत ओल वाढली की वाजतो."

"ओल? मला तर... कोरडंच वाटतंय."

मागे शर्ट ठिबकला. टप्प.

त्याने गंभीर चेहऱ्याने वहीत लिहिलं — 'आर्द्रता ७८. कारण: अज्ञात.'

पुढचे चार महिने अलार्म रोज सव्वानऊला बोंबलायचा, तो रोज धावत यायचा आणि वहीत रोज तीच थाप.

"आज वारा समोरून होता वाटतं?"

"तुम्हाला काय माहीत?"

"आर्द्रता ब्याऐंशी आलीये!"

ती लाजून चूर. ज्याला आपल्या घामाचे आकडे पाठ, त्याच्याशी प्रेमाचं बोलायचं तरी कोणत्या तोंडाने?

आणि एक दिवस हुकूम आला. मशिनी दुसऱ्या शहरात हलणार, मशिनींसोबत सर्व्हरवालाही.

शेवटच्या सकाळी खोली रिकामी, थंडगार. नुसती दोरी उरलेली. ती ओला शर्ट घेऊन उभी होती, तेवढ्यात तो आला — लालबुंद, निथळत, धापा टाकत.

"सायकलने आलो... तुमच्याच रस्त्याने. अहो, जीव जातो की!" शर्ट उतरवून तो बनियनवर उभा राहिला. "दोरीवर जागा आहे?"

दोन शर्ट शेजारी शेजारी लटकले. वाळणार कसले!

"एक सांगू?" तो म्हणाला. "अलार्म वाजायच्या आधीच मी दाराबाहेर उभा असायचो. रोज."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आणि मी शर्ट पिळायचेच नाही... मुद्दाम."

खाली ट्रकने हॉर्न दिला. पिशवीतला कोरडा सदरा चढवून तो निघाला. ओला राहिला दोरीवरच.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन वाजला. त्याचा मेसेज —

'इथे अलार्म वाजत नाही. कारण: ज्ञात.'