वाक्याच्या शेवटी

माझ्या मेव्हण्यांच्या, दाजींच्या, शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. "पुस्तकाचं एकच प्रकरण उरलंय. येताय ना?" एवढंच होतं त्यात.

महिन्याभरात दाजी गेले.

पुढचं खरं आहे. विश्वास ठेवाच, असं म्हणायचा धीर मला नाही. पण घडलं ते भर दुपारी, दाजींच्या स्टुडिओत.

अंध वाचकांसाठी मी पुस्तकं वाचायचो, दाजी रेकॉर्ड करायचे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली बसतो. दाजी नेमका तिथं मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खिटी, वर सारायचे. म्हणायचे, "कुजबुजे, तुमच्यापायी माझं बोट झिजलं!"

त्या दुपारी मिक्सरवर त्यांची मुलगी, माझी भाची होती.

"मामा, काहीतरी बोला. लेव्हल लावते."

"काय बोलू?"

"आई म्हणते, भांडताना तुमचा आवाज चढतो. भांडा!"

हसायचंही त्राण नव्हतं. तिनं काटा लाल रेषेच्या अलीकडे राहील असा आवाज लावला. मी उरलेलं प्रकरण वाचू लागलो.

पहिलं वाक्य संपत आलं... आवाज खाली बसला...

हेडफोनमध्ये तो बसला नाही.

काचेतून पाहिलं. भाचीचे दोन्ही हात मांडीवर होते.

फेडर वर सरकला होता.

नवं वाक्य सुरू झालं, तो खाली आला. शेवट आला... पुन्हा वर.

"तू सारतेस?"

"नाही, मामा."

"आपोआप चालतो?"

"नाही हो. हातानंच सारावा लागतो... थांबू नका. वाचा."

वाचत राहिलो. शेवटच्या वाक्यापाशी मात्र अडलो.

फेडर वर गेला. आणखी वर... टोकाला जाऊन थांबला.

हेडफोनमध्ये नुसती खरखर. आणि त्या खरखरीत...

कुणीतरी थकून श्वास सोडला.

मी ते वाक्य कसंबसं पुटपुटलो.

फेडर हळूहळू खाली आला. अगदी तळापर्यंत. काम संपलं की दाजी तो तसाच खाली आणून ठेवायचे.

भाचीनं रेकॉर्डिंग लावलं. शेवटचं वाक्य स्वच्छ आलं होतं. त्याआधीचा श्वासही.

"पुसू?"

"राहू दे."

तो श्वास माझाच असेल, असं स्वतःला समजावतो. वय झालंय, दम लागतो.

पण तेव्हा मी श्वास रोखून धरला होता.

काल पोस्टकार्ड आणलं. पत्ता दाजींचाच घातला. लिहिलं, "आलो होतो. वाचून झालं. आता बोटाला विश्रांती द्या."

पेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो.

मग टाकलं.