तळ्यातला दिवा मीच बंद करायची

मी फाटकातून आत आले, तर आमच्या बागेतल्या तळ्यात गुडघाभर पाण्यात एक तरणाताठा मेकॅनिक उभा. मला म्हणतो, "तो पाना द्या जरा."

ना ओळख, ना पाळख! दिला. बोटाला बोट लागलं... आणि खरं सांगते, सातही माशांनी वर डोकं काढून पाहिलं. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा.

पाणी इतकं हिरवं होतं, की कावळा आंघोळीला उतरला असता तर पोपट होऊन उडाला असता. शेवाळ मारायला त्यानं एका बंद नळीत अल्ट्राव्हायोलेट दिवा बसवला. पंप पाणी त्या नळीतून फिरवायचा. आठवड्यात तळ दिसायला लागला.

"उघड्या दिव्याकडे बघू नका हं," तो म्हणाला. "डोळे बिघडतील."

"मग कुणाकडे बघू?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी... निघतो. काम संपलं."

संपलं म्हणे! मी हळूच दिव्याचा प्लग काढला. पंप चालू, कारंजं उडतंय, कुणाला पत्ता नाही. पंधरा दिवसांत पाणी हिरवं. बाबांनी त्याला बोलावलं. तो यायच्या जरा आधी मी प्लग लावून मोकळी!

असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला चहाचा कप परत देताना तो म्हणाला, "या महिन्यात मला नोकरीत कायम करणार आहेत. मग बाबांना भेटायला येईन... तळ्यासाठी नाही."

तिसऱ्यांदा बाबा चिडले. त्यांनी थेट त्याच्या मालकाकडे तक्रार केली, आणि मालक नि तो, दोघं न सांगताच येऊन उभे राहिले. प्लग तसाच खाली लोंबत होता.

"हा कुणी काढला?" मालकानं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या मागे सरकले.

"मीच," तो म्हणाला. "सफाईला काढला, लावायचा राहिला."

"राहिला? तीनदा शेवाळ, आणि म्हणे राहिला! उद्यापासून येऊ नकोस."

मी बाबांच्या पाठीआडून माशांकडे बघत राहिले. एरवी माझ्या तोंडाला कुलूप घालायला लोहार बोलवावा लागायचा!

दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीत गेले. "मी बाबांना सगळं सांगते. आत्ताच्या आत्ता."

"मला पहिल्याच खेपेला कळलं होतं," तो म्हणाला. "दिवा चालू, आणि नळीला हात लावला, तर थंडगार; म्हणजे नुकताच लावलेला. पण मलाही यायचंच होतं ना..."

"मग—"

"नोकरी दुसरी मिळेल गं. पण काल मी तुझ्याकडे बघितलं, आणि तू मागे सरकलीस."

मी बाबांना सांगितलं. ते स्वतः मालकाकडे गेले, त्याची जागा परत मिळवून आले. त्यानं ती घेतली नाही. बॅग खांद्याला लावून निघाला, तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते.

बाकी सगळं मी तिखटमीठ लावून सांगते. पण तो वळणापाशी थांबला, त्यानं मागे पाहिलं, असं अजून एकदाही सांगता आलेलं नाही मला.