कबरींचा रकाना

काम साधं होतं हो. आमच्या जमीन कचेरीतल्या जुन्या फायली स्कॅन करून संगणकात चढवायच्या, आणि प्रत्येक फायलीला कोणकोणते रकाने लागतील ते ठरवायचं. मालकाचं नाव, प्लॉट नंबर, क्षेत्र, हे तयारच होते. नैरोबीहून आलेला माणूस म्हणाला, आणखी हवे असतील तर तुमचे तुम्ही बनवा. मी एकच बनवला. कबरी. इकडे बुंगोमात आम्ही आपली माणसं घराच्या आवारातच पुरतो, आणि जमीन घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. आकडा लिहायचा, एवढंच. मालक येतील तसं विचारून भरू, म्हणून मी रकाना रिकामा सोडला.

सोमवारी आले तर चारशे फायलींत आकडे भरलेले. कुठला बदल कोणी केला ते संगणक टिपून ठेवतो. तिथं वेळ होती, नाव नव्हतं. कुणीतरी आगाऊपणा केला असेल असं मी धरून चालले, पण दिवसभर खुर्चीत नीट बसवेना.

त्याच आठवड्यात नालियाका म्हातारी कागद न्यायला आली. तिच्या फायलीत दोन होते.

"दोनच ना, आजी?"

"दिसायला तीन आहेत गं. तिसरी नवऱ्याची. पण तो सरोवरात बुडाला तो सापडलाच नाही. तिथं केळीचा खुंट पुरलाय. तुझं यंत्र हुशार आहे, माझ्या जावयापेक्षा तरी."

मी हसले. मग हसू जिरलं. बुडालेला किंवा परगावी गेलेला माणूस सापडला नाही की त्याच्या जागी केळीचा खुंट पुरतात, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. संगणकाला कोणी सांगितलं?

आमच्याही आवारात असा एक खुंट आहे. माझा थोरला भाऊ सिकुकू कामाला म्हणून कंपालाला गेला आणि तीन वर्षं त्याचा निरोप आला नाही. थोरल्याचं काही ठरल्याशिवाय माझं लग्न होईना, म्हणून खाओया काकानं खुंट पुरायला लावला. मीही मूठभर माती टाकली. त्यानंतर आईनं त्याचं नाव घेतलं नाही. मला मात्र रोज वाटायचं, तो कुठंतरी जिवंत असेल. माझ्या सोयीसाठी जिवंत भावाला पुरला, हे मला आतून कुरतडत असायचं. आमची फाइल उघडायचा धीर मला झाला नव्हता.

शनिवारी दुपारी काकाच आला. आवार विकायला काढलं होतं, त्याचा उतारा हवा होता. कचेरी रिकामी झाली होती. बाहेर कुणीतरी उसाचा पाला जाळत होतं आणि तो करपट वास खिडकीतून आत येत होता.

"काय गं साहेबीण, काकाला चहा नाही का?"

"आधी काम. काका, आपल्याकडे कबरी किती?"

"तुला ठाऊक नाही होय? आजोबा, आजी, तुझा बाप. आणि तो खुंट."

पडद्यावर चार होते.

मी चार खोडून तीन लिहिले. क्षणभर तीन राहिले, मग पुन्हा चार झाले.

"काका, हे यंत्र खुंट मोजत नाही…"

"यंत्र आहे. चुकतं."

 मी आणखी एक रकाना बनवला. पुरल्याचा दिवस. रकान्याचं नाव लिहून होतंय तोच त्याखाली चार तारखा उमटल्या. शेवटची सोळा ऑगस्ट होती.

"खुंट आपण चौदाला पुरला. सोळाला काय झालं?"

काकानं दार लोटून घेतलं आणि पुन्हा बसला.

"हळू बोल… तू कामावर परतली होतीस. पहाटे दार वाजलं. 'आई, मी आलोय' म्हणाला. दोन दिवसांपूर्वी पुरलेला माणूस, पोरी. आम्ही काय समजायचं?"

"तो जिवंत होता."

"ते मागून कळलं. मागच्या दारानं जाऊन मी आधी काठी चालवली… भूत असतं तर लागली नसती."

"आणि आई?"

"कडी तिच्याच हातात होती. तिनं काढली नाही."

मला रडू आलं नाही. समोर बसलेल्या काकाचा नुसता राग आला. तेवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं. कुणी हात न लावता चारचे तीन झाले होते.

"बघ," काकानं घाम पुसला. "आता बरोबर दाखवतंय."

माझा फोन वाजला. आई होती, घरी एकटी.

"नसिमियू, काका तिथंच आहे ना?"

"हो. माझ्यासमोर बसलाय."

"मग दारावर कोण आहे गं… मला आई म्हणून हाक मारतंय." तिच्या हाताखाली कडी किणकिणली. "या वेळी उघडू?"

काका मान हलवून नको नको म्हणत होता. मी त्याच्याकडे पाहत म्हणाले, "उघड."

कडी निघाल्याचा आवाज आला. मग फोनपासून लांबून आईचा आवाज आला, रोजचा, जरा रागावलेला.

"आधी पाय धू. सगळी माती घरात आणलीस."