सोमवारच्या खुर्च्या

“सोमवारी किती वाजता?”

मागच्या खोलीचा पडदा सरकवून, दोन्ही हातांवर टॉवेलांची पांढरीशुभ्र चळत तोलत भाऊ दुकानात येऊन उभा राहिला होता, आणि गिऱ्हाइकाची पावती फाडता फाडता ताईचा हात तसाच थांबला! सात वर्षं... सात वर्षांत लॉन्ड्री उघडी असताना जो पडदा एकदाही सरकला नव्हता, तो आज ऐन सकाळच्या गर्दीत सरकला होता. काउंटरच्या पलीकडे शाळेचे गणवेश न्यायला आलेल्या दोन बाया होत्या, काळा कोट टाकायला आलेले वकील होते, आणि समोरच्या केशकर्तनालयाचे मालक होते. टॉवेल त्यांचेच. भाऊनं विचारलं होतं तेही त्यांनाच.

“चार वाजता,” मालक म्हणाले, जणू या माणसाला ते रोजच भेटत होते. “चहा असतो. नाही बोललात तरी चालतं.”

भाऊनं मान हलवली, टॉवेल काउंटरवर ठेवले आणि आला तसा आत निघून गेला.

“हे कोण हो?” दोघींपैकी एकीनं विचारलं.

नवा कारागीर आहे म्हणावं, लांबचा नातेवाईक म्हणावं... खोटं तर जिभेवर तयारच होतं, पण आज शब्द फुटेना. तिनं गणवेशांचं गाठोडं पुढं सारलं आणि काउंटरखाली वाकून उगाच काहीतरी शोधू लागली. डोळ्यांत तरारलेलं पाणी कुणाला दिसू नये, एवढंच तिला हवं होतं!

भाऊ ताईच्या पाठचा. आई-वडील एकापाठोपाठ गेले तेव्हा ताई चोवीस वर्षांची, भाऊ अठराचा आणि सगळ्यांत धाकटी छोटी अजून शाळेत. वडिलांची लॉन्ड्री ताईनं हातात घेतली. वाफेनं मनगटं भाजली, सोड्यानं बोटं सोलवटली, पण तिनं दोघांना शिकवलं. मागणी घालणाऱ्या एका सज्जन शिक्षकाला ‘आधी ही दोघं मार्गी लागू देत’ असं तिनं सांगितलं. तो बिचारा तीन वर्षं थांबला आणि शेवटी दुसरीकडे संसाराला लागला. ताईनं त्याचं दुःख केलं नाही. निदान कुणाला दिसेल असं केलं नाही.

भाऊ दुसऱ्या शहरात इमारतींचे नकाशे काढायच्या कचेरीत लागला. छोटीलाही परगावी नोकरी मिळाली, तिनं आपला जोडीदार आपणच निवडला, लग्नाची तारीख ठरली. सुटले एकदाची, असा निःश्वास ताईनं टाकला न टाकला, तोच भाऊच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. भाऊ आठ दिवस जेवला नव्हता. भिंतीपलीकडून माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं म्हणत त्यानं सगळ्या खिडक्यांना कागद चिकटवले होते.

ताईनं जाऊन त्याला घरी आणलं, वरच्या मजल्यावर ठेवलं. लग्नाला तीन आठवडे उरले होते. आणि त्याच आठवड्यात छोटीच्या होणाऱ्या सासूबाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या.

“तुमच्या भावाबद्दल काहीबाही कानावर आलंय,” त्या म्हणाल्या. “स्पष्टच विचारते. घरात तसलं काही असेल, तर आम्हाला विचार करावा लागेल.”

“छे हो!” ताई हसली. त्या हसण्याला लागलेलं बळ तिनं कुठून आणलं, तिचं तिलाच ठाऊक! “त्याला बोटीवर नोकरी लागलीय. कालच गेला.”

एक खोटं जगवायचं तर त्याला रोज खाऊ घालावं लागतं. भाऊला एकटं सोडता येईना म्हणून ताई लग्नाला गेली नाही. लग्नानंतर छोटी तरातरा दारात आली, रडली, भांडली. पण ती आत आली असती तर जिन्यावरच भाऊ दिसला असता, आणि छोटीच्या पोटात काही राहत नाही हे ताईला तिच्या लहानपणापासून माहीत! मग ताईनं काळजावर दगड ठेवला आणि वाट अडवून ती म्हणाली, “आम्हाला न विचारता लग्न ठरवलंस ना? आता या घराशी तुझा संबंध संपला. भाऊचंही तेच म्हणणं आहे.”

त्या क्षणीचा छोटीचा चेहरा... तो चेहरा ताई पुढे प्रत्येक धुतलेल्या कपड्यात पाहत राहिली.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती दुकानाला कुलूप लावी, ‘साबण-सोडा आणायला जाते’ असं शेजाऱ्यांना सांगे आणि भाऊला मागच्या दारानं घेऊन दोन तासांवरच्या गावी डॉक्टरांकडे जाई. औषधंसुद्धा तिकडूनच आणी. गल्लीतल्या दुकानदाराला चिठ्ठी दिसायला नको! औषधांनी गुण आला. आवाज मंद झाले, हात स्थिर झाले आणि भाऊ मागच्या खोलीत इस्त्री करू लागला. नकाशे काढणारा हात तो! त्यानं इस्त्री केलेल्या कॉलरवर कुणी सुरकुती शोधून दाखवावी. “कारागीर कोण ठेवलाय हो?” गिऱ्हाइकं विचारत. “नवीन मशीन घेतलंय,” ताई सांगे. पडद्यामागे भाऊ ते ऐकत असे.

समोरच्या मालकांना सगळी गल्ली ‘कात्री’ म्हणायची, कारण त्यांच्या हातातली कात्री आणि तोंडातली जीभ एकदमच सुरू होई आणि एकदमच थांबे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानाचं शटर दोन महिने वर गेलं नव्हतं. दारूच लागली असेल, बायकोच सोडून गेली असेल, ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवून टाकलं. परत आले तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता त्यांनी सांगून टाकलं, “मन आजारी पडलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जातो, बरा होतोय. मागचे जरा बारीक करू?”

ऐकणारा गार पडला, पण केस त्यानं पूर्ण कापून घेतले. पुढं डॉक्टरीणबाई सोमवारी, दुकान बंद असायच्या दिवशी, स्वतःच तिथं येऊन बसू लागल्या. आरशांसमोरच्या खुर्च्या फिरवून एकमेकांकडे तोंड करून ठेवत, आणि काचेवर पाटी लागे: ‘आज केस कापले जात नाहीत. बोलायचं असेल तर या.’

ही पाटी भाऊ वरच्या खिडकीतून गेले कित्येक सोमवार वाचत होता.

“का रे असं केलंस?” दुपारी शटर अर्धं ओढून घेतल्यावर ताईचा बांध फुटला. “एवढी वर्षं तुला तळहातावरच्या फोडासारखं जपलं... आता गल्लीत तोंड कसं दाखवायचं?”

“ताई, तोंड माझं आहे. मलाच दाखवायचंय.”

“आणि लोकांनी दुखवलं म्हणजे?”

भाऊनं इस्त्रीच्या टेबलावरची चादर हातानं सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाला, “लोकांनी अजून काही केलेलंच नाही गं. त्यांना मी माहीतच नाही. तू रागावू नकोस, पण त्या आवाजांनी मला जेवढं दुखवलं नाही ना... तेवढं तुझ्या त्या मशीननं दुखवलं.”

ताई गारठून गेली. ज्या पदराखाली आपण याला झाकलं, त्याच पदराखाली याचा श्वास कोंडत होता... आणि आपल्याला कळलंही नाही!

सोमवारी चार वाजता भाऊ स्वतः इस्त्री केलेला शर्ट घालून रस्ता ओलांडून गेला. पंचवीस पावलांचा तो रस्ता. पण काउंटरमागून पाहणाऱ्या ताईला तो समुद्राएवढा वाटला. तासाभरानं तो परतला.

“काय झालं? काही विचारलं का? कोण बोललं?”

“काही नाही. मी कोण ते सांगितलं. तिथं एक रिटायर झालेले बस-ड्रायव्हर आहेत, त्यांनाही आवाज ऐकू यायचे. त्यांचे आवाज गाणी म्हणायचे. मी म्हटलं, तुमचं नशीब थोर, माझे नुसते शिव्या देतात. मग आम्ही हसलो.”

“हसलात?”

“पोट धरून.”

ताईला हसावं की रडावं कळेना. सात वर्षांत त्या घरात कुणी पोट धरून हसलं नव्हतं!

बातमी गल्लीभर झालीच. दोन-तीन घरांचे कपडे यायचे बंद झाले. वकीलसाहेब मात्र कोट घेऊन आले आणि पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, “त्यांना सांगा, बाह्यांची धार मागच्या वेळेसारखीच हवी. मशीनला सांगू नका, त्यांना सांगा.” आणि त्या गणवेशवाल्या बाईनं चार चौकशा करून झाल्यावर हळूच विचारलं, “माझी जाऊ खूप दिवस जेवत नाही, बोलत नाही. तिथं बायकांना येऊ देतात का हो?”

पाचव्या सोमवारनंतर भाऊनं आणखी एक गोष्ट केली, तीही ताईला न विचारता. त्यानं छोटीला फोन लावला.

“छोटे, मी दादा बोलतोय. मी बोटीवर नाही. कधीच नव्हतो. मला तर बोट लागते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता छोटी लॉन्ड्रीच्या पायरीवर उभी होती.

“माझा दादा कुठंय?”

ताईनं निमूटपणे पडदा बाजूला केला. भाऊनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, आणि मगच हात पसरले... किती रडली छोटी त्याच्या खांद्यावर! इस्त्री केलेल्या शर्टाचा पार बोळा झाला. मग ती वळली आणि आगीसारखी ताईवर आली.

“तू कोण गं ठरवणारी? सात वर्षं मला वाटत राहिलं की माझ्या सख्ख्या भावाला मी नकोशी झाले! माझ्या मुलीला मी सांगत आले, मामा फार लांब असतो म्हणून. आणि तो इथं, पडद्यामागं? कसला हा सूड?”

“सूड नाही गं...” ताईनं काउंटरचा आधार घेतला, आणि सात वर्षांत प्रथमच ती सारं बोलली. सासूबाईंचं स्टुलावर बसणं, तो प्रश्न, ते हसू, ते खोटं. “तुझं लग्न मोडलं असतं, छोटे. वर जाऊन आईला काय सांगितलं असतं मी?”

रडता रडता छोटीला विचित्र हसू फुटलं.

“सासूबाई? अगं, त्या स्वतः चार वर्षं मनाच्या गोळ्या घेतात! घरात कुणाला माहीत नाही. मीच त्यांना दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे नेते... देवाला जातो असं सांगून!”

दोन बहिणी, दोन घरं, आणि दोन्हीकडून निघणाऱ्या त्या चोरट्या बसगाड्या!

“आणि मोडलं असतं लग्न तर मोडलं असतं,” छोटीचा आवाज पुन्हा भरून आला. “दादाला लपवून झालेलं लग्न मला हवंय का, हे एकदा तरी विचारलंस?”

“नाही विचारलं,” ताई म्हणाली. “चुकले गं. तुझ्याशी चुकले, त्याच्याशीही चुकले.”

“बास, छोटे,” भाऊ मधे पडला. “तिनं मला लपवलं, ते मी तिला सुनावलंय. आता दुसरंही ऐक. तेव्हा मला वाटायचं, जेवणात विष आहे. मी तोंड उघडायचो नाही. ही माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खायची, मी बघेन असा. मग मी जेवायचो. दोन्ही वेळा. दोन वर्षं. मी तिला काय काय बोललोय ते सांगवत नाही मला... पण एकदासुद्धा तिनं घास चुकवला नाही.”

छोटी काउंटरला वळसा घालून आली, आणि लहानपणी येई तशी ताईच्या कुशीत शिरली. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. कात्री रस्ता ओलांडून आले, आत डोकावले आणि जमलेल्यांना म्हणाले, “अर्ध्या तासानं या मंडळी. इथं जुने डाग निघतायत.”

पुढच्या सोमवारी दोघांनी ताईला दोन हातांना धरून समोर नेलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

“आणि तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मी यांच्यासोबत आलेय. मला काही झालेलं नाही.”

“इथं येईपर्यंत आम्हालाही कुणाला काही झालेलं नव्हतं, ताई,” कात्री म्हणाले, आणि सगळे हसले.

ताईही हसली. सगळ्यांच्या कपड्यांचे डाग तिला पाठ होते, पण माणसं ती आज पाहत होती. काहीतरी सभ्य, नेटकं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि ध्यानीमनी नसताना तिच्या तोंडून निघून गेलं, “मी... दमलेय हो. फार दमलेय.”

एवढंच. आणि मग हुंदका आला तो आवरेचना. कुणी ‘रडू नका’ म्हणालं नाही. बस-ड्रायव्हरांच्या बायकोनं आपली खुर्ची सरकवत तिच्याजवळ आणली आणि तिचा सोलवटलेला हात आपल्या हातात घेतला. “तीस वर्षं झाली मला यांना सांभाळताना,” ती म्हणाली. “इथं येईपर्यंत मलाही कुणी विचारलं नव्हतं. रडा. घाई नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर छोटीनं ताईच्या हातातून पावतीपुस्तक काढून घेतलं आणि तिला वर पिटाळलं. भाऊ औषधांची चिठ्ठी घेऊन गल्लीच्या टोकाशी असलेल्या औषधांच्या दुकानात गेला होता. एकटाच. ताई कॉटवर आडवी झाली खरी, पण कान खालीच लागले होते. थोड्या वेळानं भाऊ परतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ छोटीचा चढलेला सूर.

“दादा, एवढी कडक खळ कुणी घालतं का? शर्ट आहे की पत्रा!”

“तू पावत्या फाड. खळीतलं तुला काय कळतंय?”

“मला नाही कळत? ताईला विचारू?”

“खबरदार तिला हाक मारलीस तर!”

वर ताईच्या ओठांवर हसू आलं. खाली जाऊन दोघांची समजूत काढावी, असं एकदा तिच्या मनात आलं... पण ती उठली नाही. भांडू देत. आपल्यावाचून भांडू देत! तिनं कूस बदलली, पाय लांब केले, आणि खालचा कलकलाट ऐकता ऐकता तिला अशी गाढ झोप लागली की पाच वाजले, सहा वाजले, दिवेलागणीची वेळ झाली, तरी तिला जाग आली नाही. कुणी तिला उठवलंही नाही.