पडदा उघडेपर्यंत

"बाई, तुमी भिंतीतून आल्या."

बेबी थबकली. आजूबाजूला भिंतीचा पत्ता नव्हता. वाशीमच्या भर बाजारात जुनी गुदामं पाडून मोकळी केलेली जागा, तिच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, आणि समोर टेपचं टोक धरून उभा असलेला एक सावळा, उंच तरुण. शाळेतून घरी जायची जवळची वाट म्हणून ती इकडून निघाली होती, आणि तिच्या चपलांनी एक रेघ पार फिसकटून टाकली होती.

"भिंत? मले तं काई दिसून नाही राह्यली."

"दिसन. नाट्यगृह हाय हे. आन् तुमी उभ्या हाय ना, तिथं..." तो जरा घुटमळला. "तिथं रंगमंच हाय."

"मंग दार कुठं हाय?"

त्याने बोट दाखवलं. काय मनात आलं कोण जाणे, बेबी मागे फिरली, रेघांना वळसा घालून गेली आणि त्या नसलेल्या दारातून पदर सावरत ऐटीत आत आली.

"आता आली पाहा दारातून. बायांचं दार कोणतं?"

बायांचं दार त्याच्या नकाशात नव्हतंच.

हा देवमन. किन्हीराजा गावचा. डिप्लोमा करून नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून लागला होता, आणि वयाच्या मानाने थोरच काम त्याच्या अंगावर पडलं होतं: नाट्यगृहाचा नकाशा काढायचा आणि ते उभंही करायचं. बेबी इंझोरीच्या जानरावांची मुलगी, मुलींच्या शाळेत शिकवणारी. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात ती गायला उभी राहिली की मागे उभी असलेली माणसं पुढे सरकत. सारं गाव तिला बेबीताई म्हणे.

पुढच्या आठवड्यात देवमन नकाशाची गुंडाळी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा होता.

"बायांसाठी अल्लग जिना काढला, वर गॅलरीत जायले. आखीन काय पायजे?"

"कपडे बदलायले खोली. आतून कडी असलेली. आमच्या पोरी गॅदरिंगले लुगड्याच्या आडोशानं कपडे बदलतात. ते डोक्यात नाही आलं तुमच्या?"

"नाही आलं," तो सरळ म्हणाला. "मनून तं तुमाले इचारून राह्यलो."

बेबीला हे फार आवडलं. चूक झाली की शब्दांची सारवासारव करणारे पुरुष तिने पुष्कळ पाहिले होते. नाही आलं म्हणणारा हा पहिलाच.

मग ती रोज त्याच वाटेने जाऊ लागली. पाया भरला, भिंती कमरेएवढ्या झाल्या, डोक्यावर गेल्या. ओल्या चुन्याचा वास, पाणी मारलेल्या विटांचा गारवा, आणि त्यातून तिला हात धरून नाही, तर हातभर अंतर राखून नेणारा देवमन. इथे पेटीवाला बसणार, इथे पडद्याची दोरी...

"एक इचारू?" एकदा ती म्हणाली. "सारं गाव मले ताई म्हणते. तुमी काहून नाही म्हणत?"

देवमनने हातातली वीट उगाच उलटसुलट करून पाहिली.

"बाकीच्यांनी म्हनावं ताई. मले नाही म्हनाचं."

ती हसली नाही. पण घरी गेल्यावर पोळ्या लाटता लाटता इतकी हसली की आईने विचारलं, काय झालं गं.

छप्पर चढलं तेव्हा हिवाळा होता. रिकाम्या दालनात आवाज घुमे, एक शब्द दुसऱ्यावर पडे. माणसं बसली की तो मागपर्यंत कसा पोचेल, हे कळायचं कसं? देवमनने जिनिंगवाल्या दौलतरावांकडून कापसाने भरलेली पोती मागून आणली आणि प्रेक्षक म्हणून रांगेने मांडली. बेबीला मंचावर उभं केलं.

"म्हना काईबी. ऐकू आलं का मी हात वर करतो."

ती गायली. समोर गप्प बसलेली पोती, शेवटच्या रांगेत एकटा देवमन. गाणं संपलं तरी त्याचा हात वर गेला नाही.

"नाही आलं का ऐकू?"

"आलं ना..." तो पोत्यांमधून वाट काढत पुढे आला. "हात वर कराचं ध्यानातच नाही राह्यलं."

तिच्या केसात कापसाचा पुंजका अडकला होता. त्याने तो बोटाने दाखवला, काढला नाही. आणि मग, मंचाच्या खाली उभा राहूनच, म्हणाला, "जानरावजीले भेटाले येऊ का मी? पहिले तुमी सांगा. तुमी हो म्हटलं तरच येतो."

तिला हो म्हणायचं होतं. ते अगदी ओठांवर होतं. पण कोणी आपल्याला विचारतंय, उत्तरासाठी मान वर करून आपल्याकडे पाहतंय, यातली गोडी काही और असते. ती थोडी पुरवून खावीशी वाटली.

"पडदा उघडू द्या ना पहिल्यांदा," ती म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी सांगीन."

उद्घाटनाला म्हणे सहाच महिने होते. नगरपालिकेच्या बांधकामावर आपलं सुख टांगून ठेवू नये, हे वाशीममध्ये कोणीही सांगितलं असतं. बेबीने विचारलंच नाही कोणाला.

बहात्तरचा दुष्काळ पडला. मंजूर झालेला पैसा रोजगाराच्या कामांकडे वळला. मग सिमेंट मिळेना, मग सभासदांची भांडणं, मग प्रशासक. दाराला कुलूप लागलं आणि आत कबुतरं नांदू लागली. काम नाही म्हणून देवमनची नोकरीही गेली. त्याला यवतमाळकडे पाटबंधारे खात्यात जागा मिळाली.

एकदा तो आला. खास तिच्यासाठी आला. ती इंझोरीला निघाली होती, एस. टी. स्टँडवर गाठ पडली.

"आई मांगं लागली हाय," तो म्हणाला. "दारव्ह्याची पोरगी पाह्यली तिनं. मी काय सांगू तिले?"

आता तरी बोलावं की नाही! पण बेबीला त्याला पाहून इतका आनंद झाला होता की जुनी गंमतच जिभेवर आली.

"पडदा कुठं उघडला अजून?"

तिला वाटलं, तो चिडेल. म्हणेल, आग लागो त्या पडद्याले, सांग आत्ताच. मग ती सांगणार होती. देवमनने एवढंच म्हटलं, "बरं." आणि तो आपल्या गाडीकडे गेला. त्याचं लग्न झाल्याचं तिला दौलतरावांकडून कळलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि कोणाला कारणही सांगता येईना.

पडदा उघडला तो अठ्ठ्याहत्तर साली. गावोगावच्या बाया वेगळ्या जिन्याने गॅलरीत चढल्या. बेबीने स्वागतगीत म्हटलं. समोर खऱ्या माणसांत देवमन बसला होता, शेजारी बायको. मध्यंतरात तो विंगेत आला. कानाशी केस पिकू लागले होते.

"आवाज मांगपर्यंत चांगला पोचला," तो म्हणाला.

"तुमी पोचवला." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आता लपवून काय ठेवायचं, आणि कोणासाठी? "माझं उत्तर हो होतं, देवमनजी. त्या दिवशीबी होतं. स्टँडवरबी होतं."

देवमनने पडद्याची दोरी उगाच हातात धरली.

"मले वाटलं, टाळून राह्यल्या."

"गंमत करून राह्यली होती मी... आखीन एक डाव इचारलं असतं तुमी, तं..."

"बाईमाणसानं टाळलं का पुन्हा इचारू नये," तो हळूच म्हणाला. "तिच्या मनाविरुद्ध होते ते. मी असंच समजत होतो."

ज्या सरळपणावर तिचा जीव जडला होता, त्यानेच घात केला होता. त्याला दोष द्यावा तरी कसा? आणि स्वतःला तरी किती वेळा द्यायचा?

तेवढ्यात त्याची बायको, रुपाबाई, त्याला शोधत आली. गोल, हसऱ्या चेहऱ्याची. तिने बेबीचे दोन्ही हात धरले.

"लय गोड गळा हाय तुमचा. यवतमाळले या ना आमच्या घरी, चार दिवस राहाले. याल का?"

"हो, येईन ना," बेबी म्हणाली. या वेळी तिने उत्तराला जराही वेळ लावला नाही.